अकरा वर्षांचे युद्ध आणि वृत्तीची भाषा : ‘महिकावतीच्या बखरी’तील एका सिंहासनवादाचा विचार

‘महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर’ हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शके १८४६ मध्ये, म्हणजे इ. स. १९२४ मध्ये, संपादून प्रसिद्ध केला. तेव्हापासून उत्तर कोकणच्या मध्ययुगीन इतिहासाचा विचार करणाऱ्या कोणाही अभ्यासकाला या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता आलेले नाही. ग्रंथ एकहाती नाही. गद्य आणि पद्य या दोन्ही रूपांत, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी लिहिलेली सहा प्रकरणे त्यात एकत्र आली असून, त्यांपैकी दुसरे व तिसरे ही प्रकरणे सर्वांत जुनी आहेत. ती केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ मध्ये, रचली. मराठीतील बखर-वाङ्मयाचा आरंभ येथून धरण्याचा प्रघात आहे आणि तो अयोग्य नाही.

या ग्रंथाची आजवरची चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. बिंब राजा खरा की कल्पित, हा एक. आणि ‘महाराष्ट्रधर्म’ या शब्दाचा अर्थ काय, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोहोंकडे एका तिसऱ्या वाटेने जाण्याचा प्रयत्न आहे. माहीमच्या गादीवरील प्रतापशहा आणि चौलचा नागरशहा यांच्यामध्ये अकरा वर्षे चाललेल्या युद्धाचा जो वृत्तान्त परंपरेने जपला, त्याचे स्वरूप काय, तो कोणासाठी जपला गेला आणि त्याची भाषा काय सांगते, एवढाच येथील विषय आहे. हे युद्ध ज्या दोन सत्ताकेंद्रांमध्ये झाले त्यांच्या मधोमध पनवेल आणि उरण यांचा खाडीकाठचा मुलूख पसरलेला आहे. या मुलखातून पाहिले असता बखरीचे चित्र काहीसे निराळे दिसते.

१

वृत्तान्ताचा सांगाडा थोडक्यात असा. शके १०६० मध्ये, म्हणजे इ. स. ११३८ मध्ये, प्रतापबिंब नावाचा राजा कोकणात उतरला, त्याने दमणपासून दक्षिणेकडील किनारा घेतला आणि माहीम येथे राजधानी केली. त्याच्याबरोबर सहासष्ट कुळे आली. पुढे या घराण्याचे राज्य नागरशहाकडे गेले. नागरशहाच्या तीन मेहुण्यांनी आपल्याला प्रदेश तोडून मिळावा अशी मागणी केली, त्यावरून त्यांचे राजपुत्र त्रिपुरकुमार याच्याशी युद्ध जुंपले आणि मेहुण्यांनी देवगिरीच्या रामदेवरावाकडे दाद मागितली. यानंतर देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी झाली. त्याच इ. स. १२९४ च्या सुमारास यादवांच्या घरातला बिंबदेव कोकणात आला व त्याने माहीमला पुन्हा गादी स्थापन केली. बिंबदेव १३०३ मध्ये वारला. त्याच्यामागून आलेल्या प्रतापशहाने अठ्ठावीस वर्षे राज्य केले, मरोळजवळ प्रतापपूर वसविले आणि अखेर चौलच्या नागरशहाशी अकरा वर्षे झुंजून १३३१ मध्ये राज्य गमावले. नागरशहाने सतरा वर्षे राज्य केले. १३४८ मध्ये मुसलमानी फौजेने माहीम घेतले आणि या घराण्यांचा अध्याय संपला.

या सांगाड्याकडे पाहताच एक गोष्ट ध्यानात येते. त्यात प्रत्येक प्रसंग दोनदा घडतो. बिंब दोन आणि प्रताप दोन. नागरशहाही दोन. दोन वेळा राज्य नागरशहाच्या हाती जाते आणि दोन वेळा युद्धाचे मूळ मेहुण्याच्या मागणीत असते. नावांची पुनरावृत्ती झाली म्हणून कथेवर अविश्वास दाखविणे अर्थातच घाईचे होईल. नातवाला आजोबाचे नाव देण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांत अपरादित्य दोन झाले आणि अनंतदेव तीन; त्यांच्या ताम्रपटांमुळे त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका उरलेली नाही. परंतु नावे आणि नाती एकाच क्रमाने पुन्हा येऊ लागली, म्हणजे तेथे इतिहासापेक्षा कथनाचा साचा काम करीत असल्याचा संशय बळावतो.

या दोन आवर्तनांपैकी मूळ कोणते आणि पडछाया कोणती? कालगणना येथे साह्यभूत होते. केशवाचार्य लिहीत होता १४४८ मध्ये. दुसऱ्या नागरशहाचा विजय त्याच्या आधी ११७ वर्षे, आणि माहीमचा पाडाव बरोबर शंभर वर्षे झाला होता. आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट एवढ्या अंतरात जिवंत राहू शकते. उलट पहिल्या बिंबाचे आगमन त्याच्यापासून ३१० वर्षे दूर होते. शिवाय अठ्ठावीस, अकरा आणि सतरा हे दुसऱ्या आवर्तनातील आकडे साधे, अनाकर्षक आहेत. पुराणकथेला शंभर, बारा, चौदा हे आकडे आवडतात. अकरा वर्षांचे युद्ध कोणी शोभेसाठी रचीत नाही. तेव्हा दुसरे आवर्तन हे स्मृतीचे आणि पहिले हे पुष्कळ अंशी त्या स्मृतीची मागे टाकलेली पडछाया, असे मानण्यास जागा आहे.

२

या अनुमानाला शिलालेखांची साक्ष अनुकूल आहे. ११३८ नंतर उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य संपले नव्हते, हे आता विवाद्य राहिलेले नाही. हरिपालदेव, मल्लिकार्जुन, दुसरा अपरादित्य, केशिदेव, सोमेश्वर अशी त्यांची मालिका लेखांतून उभी राहते. वा. वि. मिराशी यांनी १९७४ मध्ये मराठीतून आणि १९७७ मध्ये इंग्रजीतून हे लेख एकत्र प्रसिद्ध केल्यापासून ती सर्वांच्या हाताशी आहे. दुसऱ्या अपरादित्याचा ११८७ चा लेख मुंबई बेटावरच परळला सापडला. ज्या काळी बखर बिंबाच्या वंशाला माहीमच्या गादीवर बसविते, त्या काळी माहीमपासून हाकेच्या अंतरावर शिलाहार राजा दान देत होता. पनवेलच्या शेजारच्या उरण तालुक्यातील रानवड आणि चांजे येथे सोमेश्वराचे १२५९ आणि १२६० या वर्षांचे लेख आहेत. यादव महादेवाने या सोमेश्वराचा पराभव केला आणि तो समुद्रात बुडून मरण पावला. म्हणजे शिलाहारांच्या अखेरच्या राजाची सत्ता खाडीच्या दोन्ही अंगांना अखेरपर्यंत टिकून होती.

यावरून पहिल्या बिंबाचे घराणे अजिबात नव्हतेच, असे सिद्ध होत नाही. केळवे-माहीमच्या बाजूला एखादे मांडलिक घराणे असणे शक्य आहे. शिवाय माहीम दोन आहेत. एक पालघरकडचे केळवे-माहीम, दुसरे मुंबईचे. ‘महिकावती’ हे दोघांनाही लावता येणारे संस्कृत रूप असून, ते ‘माहीम’ या बोलीतील नावावरून मागाहून घडविलेले दिसते. एका भारदस्त नावाखाली दोन गावे आली की त्यांचे दोन इतिहासही सलग वाटू लागतात. बखरीतील सलगतेचे निदान काही श्रेय या नामकरणाला द्यावे लागेल.

याच्या उलट ‘चौल’ या नावाचा प्रवास नियमबद्ध आहे. शिलाहारांच्या लेखांत ‘चेमूल्य’ असे रूप येते. दोन स्वरांमधल्या मकाराचा सानुनासिक वकार होणे हा मराठीचा जुना धर्म आहे. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ याच वाटेने झाले. ‘चेमूल्य’, ‘चेंवुल’, ‘चेऊल’, ‘चौल’ ही परंपरा त्याच नियमाची. असा अखंड ध्वनिक्रम ज्या नावामागे आहे, त्या गावाच्या वस्तीतही खंड पडलेला नसतो. युद्धातील दोन पक्षांपैकी एकाचे नाव लोकांच्या जिभेवर घडले आणि दुसऱ्याचे पंडितांच्या लेखणीखाली, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

‘बिंब’ या नावाविषयी येथेच एक शब्द. मुंबईच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियराने बिंबदेव म्हणजे रामदेवरावाचा पुत्र भीमदेव असे समीकरण मांडले. ऐतिहासिक दृष्ट्या ते शक्य असेल. ध्वनिशास्त्राच्या आधारावर मात्र ते उभे राहत नाही. शब्दारंभीच्या भकाराचा बकार होणे, दीर्घ ईकार ऱ्हस्व होणे आणि मकारापुढे नवा बकार येणे, अशा तीन घटना एकाच शब्दात घडल्याचे मानावे लागते, आणि ‘भीम’ हे नाव तर मराठीत आजही अबाधित आहे. ‘बिंब’ हा स्वतंत्र संस्कृत शब्द नाव म्हणून पुरेसा असताना एवढी कसरत करण्याचे कारण नाही. ‘प्रतापशहा’, ‘नागरशहा’ यांतील ‘शहा’वरूनही कालनिर्णय करता येत नाही. तो फारसी ‘शाह’ असेल तर चौदाव्या शतकातही संभवतो आणि पंधराव्यातही. ‘साधु’, ‘साहु’ या क्रमाने आलेला गुजरातेकडील ‘शहा’ असेल तर त्याला फारसीची गरजच नाही.

३

आता युद्धाच्या कारणाकडे वळू. नागरशहा हा प्रतापशहाचा मेहुणा असल्याचे सांगितले जाते. मराठीतील ‘मेहुणा’ हा शब्द ‘मैथुनक’ यावरून आलेला असून, तो बायकोच्या भावालाही लागतो आणि बहिणीच्या नवऱ्यालाही. गॅझेटियरातील इंग्रजी शब्दही तितकाच संदिग्ध आहे. ही संदिग्धता किरकोळ नाही. सारा सिंहासनवाद तिच्यात गुंडाळलेला आहे. नागरशहा प्रतापशहाच्या बहिणीचा नवरा असेल, तर बिंबदेवाच्या कन्येचा आणि तिच्या पोटच्या मुलांचा हक्क तो पुढे करीत होता. तो बायकोचा भाऊ असेल, तर रक्ताच्या नात्याने त्याचा काहीच हक्क पोहोचत नव्हता आणि युद्ध हे निव्वळ शेजाऱ्याचे आक्रमण ठरते.

या जागी त्याच शतकातील युरोपची आठवण होणे अपरिहार्य आहे. नागरशहाने माहीम घेतले त्यानंतर सहा वर्षांनी, १३३७ मध्ये, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील ते दीर्घ युद्ध सुरू झाले, जे १४५३ पर्यंत रेंगाळले आणि शतवार्षिक युद्ध या नावाने ओळखले जाते. तेथेही मूळ वाद स्त्रीच्या द्वारे आलेल्या वारशाचा होता. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड हा फ्रान्सच्या निपुत्रिक राजाच्या बहिणीचा मुलगा. १३२८ मध्ये फ्रेंच सरदारांनी त्याला डावलून सहाव्या फिलिपला गादी दिली. परंतु तेथे कन्येच्या वंशाला गादी पोहोचते की नाही या प्रश्नावर धर्मशास्त्री, कायदेपंडित आणि इतिवृत्तकार पिढ्यान्‌पिढ्या लिहीत राहिले. कोकणातील वादाची आठवण ज्या शब्दात उरली आहे तो वाद्याचे नातेही नक्की सांगत नाही. ही उणीव बखरकाराच्या बुद्धीची म्हणता येणार नाही. ती त्याच्या प्रयोजनाची खूण आहे. गादीचा खरा वारस कोण, हा प्रश्न ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांच्या दृष्टीने निर्णायक नव्हताच.

युद्धाचा राजकीय संदर्भही असाच झाकोळलेला आहे. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले आणि त्या सुमारास दिल्लीच्या मुबारक खिलजीचा अंमल माहीम-साष्टीपर्यंत पोहोचला. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा वध झाला. पुढे थोड्याच वर्षांत तेथे आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने त्याची हकीकत लिहून ठेवली असून, त्या वेळी ठाण्यात मुसलमान अधिकारी कारभार पाहत असल्याचे त्यातून स्पष्ट होते. १३३१ मध्ये संपलेले अकरा वर्षांचे युद्ध म्हणजे १३२० च्या सुमारास सुरू झालेले युद्ध. याचा अर्थ असा की, ज्या वर्षी प्रतापशहा आणि नागरशहा माहीमसाठी लढू लागले, त्याच सुमारास माहीमपासून काही कोसांवर दिल्लीचा अंमलदार बसला होता. तेव्हा या दोघांना सार्वभौम राजे मानण्यापेक्षा, दिल्लीची पकड कधी घट्ट तर कधी सैल होत असताना मधल्या पोकळीत वसुलीचा अधिकार मिळवू पाहणारे दोन प्रबळ ठाणेदार मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. ‘सिंहासन’ हा शब्द परंपरेने त्या अधिकारावर मागाहून चढविलेला साज आहे.

४

राजवाड्यांनी या ग्रंथाला जोडलेली प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेची आहे. तीत त्यांनी एक व्यापक समाजशास्त्रीय सिद्धान्त मांडला. राज्ये येतात आणि जातात. शिलाहार गेले, बिंब आले, नागरशहा आले, मलिक आले. गावकरी मात्र आपल्या शेतीभातीत निश्चिंत राहिला. अन्न सहज मिळणाऱ्या देशात सरकार या संस्थेविषयी रयतेला आस्था वाटली नाही, म्हणून मूठभर परक्यांना येथे राज्य करता आले, असा त्यांचा रोख आहे. या विवेचनातील तळमळ आणि झेप दोन्ही असामान्य आहेत. परंतु ज्या ग्रंथाला ही प्रस्तावना जोडली, तोच ग्रंथ तिच्या अर्ध्या भागाला बाध आणतो.

केशवाचार्याने लिहिले ते कोणाच्या सांगण्यावरून? मालाडचा देसाई नायकोराव याला देवीने स्वप्नात दृष्टान्त दिला, त्यावरून लोक जमविले गेले आणि ‘महाराष्ट्रधर्म’ सांगण्याची योजना झाली, अशी कथा ग्रंथातच आहे. म्हणजे या लेखनाला राजाश्रय नाही. वृत्तिवंतांचा आश्रय आहे. १४४८ मध्ये माहीमवर गुजरातच्या सुलतानांची सत्ता होती, बिंबाचे आणि नागरशहाचे घराणे लयाला जाऊन शतक लोटले होते, आणि अशा वेळी कुळे, गोत्रे, गावे आणि वृत्ती यांच्या याद्या जतन करण्याची गरज कोणाला तरी निकडीने वाटली. राजांची नावे या याद्यांना सनावळीसारखी उपयोगी पडतात. अमुक कुळ अमुक राजाच्या वेळी अमुक गावी आले, हे सांगण्यासाठी राजा हवा. प्रतापशहा आणि नागरशहा यांचे युद्ध लक्षात राहिले ते त्यांच्या शौर्यासाठी नव्हे. त्या अकरा वर्षांत कोणाची वृत्ती कोणाकडे गेली, याचा निवाडा पुढच्या पिढ्यांना करावयाचा होता.

या दृष्टीने ‘महाराष्ट्रधर्म’ या शब्दाकडे पाहिले म्हणजे त्याचा अर्थही आटोक्यात येतो. सतराव्या शतकात रामदासांच्या लेखनात त्याला जी राजकीय तेजस्विता आली, किंवा १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या उदयाची मीमांसा करताना त्यातून जी राष्ट्रीय प्रेरणा वाचली, ती केशवाचार्याच्या शब्दात आधीच होती असे मानणे म्हणजे नातवाचा चेहरा आजोबाला लावणे होय. येथे धर्म म्हणजे कुळाचार, ज्ञातिव्यवस्था आणि वंशपरंपरागत अधिकार यांची घडी. ती विसकटू नये, एवढाच हेतू. शब्द एकच राहतो आणि त्याच्या पोटातील अर्थ दोन शतकांत पालटतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल.

तेव्हा राजवाड्यांचा सिद्धान्त असा दुरुस्त करावा लागतो. रयत गादीविषयी उदासीन होती, हे खरे. पण ती हक्काविषयी उदासीन नव्हती. सत्तेचा तिचा संबंध राजाच्या नावाशी नव्हता. गाव, शेत, खाजण, मिठागर आणि मान यांच्याशी होता. ही उदासीनता अन्नाच्या सुबत्तेतून आलेली नसून, कोणताही राजा आला तरी जो दस्तऐवज उपयोगी पडेल तोच जपावा, या व्यवहारज्ञानातून आलेली आहे.

५

पनवेल-उरणच्या भूभागात या निष्कर्षाला एक भाषिक पुरावा आजही चालताबोलता आढळतो. माहीमहून चौलला खुष्कीने जावयाचे तर साष्टी ओलांडून पनवेलच्या खाडीला वळसा घालावा लागतो. कर्नाळ्याचा सुळका याच वाटेवर पहारा देत उभा आहे, आणि बोरघाटातून उतरणारा माल येथेच समुद्राला मिळत असे. अकरा वर्षांच्या युद्धाची झळ या पट्ट्याला न लागणे अशक्य होते. तरीही परंपरेच्या केंद्रस्थानी राहिली ती माहीम, मालाड, मरोळ, ठाणे ही पलीकडची गावे, कारण लेखन करविणारे वृत्तिवंत तेथले होते. येथल्या आगरी समाजाची आपण मुंगीपैठणहून बिंब राजाबरोबर आलो ही परंपरा तोंडी राहिली.

पण आडनावांनी जे जपले ते कोणत्याही बखरीने जपलेले नाही. पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात म्हात्रे, पाटील, ठाकूर, राऊत, चौधरी ही आडनावे गावोगाव भेटतात. ‘म्हात्रे’च्या मुळाशी ‘महत्तर’ आहे, म्हणजे गावाचा वडील अधिकारी. आरंभीच्या ‘मह’चा ‘म्ह’ होणे हे मराठीचे नेहमीचे वळण. ‘पाटील’ हा ‘पट्टकिल’, ‘ठाकूर’ हा ‘ठक्कुर’, ‘राऊत’ हा ‘राजपुत्र’. ही सारी मध्ययुगीन अधिकारपदे आहेत. ज्या राजांनी ती पदे दिली वा मान्य केली त्यांची नावे येथे कोणाच्या घराला चिकटलेली नाहीत. शिलाहार, बिंब, नागरशहा यांचे शब्द विरून गेले. महत्तराचा शब्द मात्र झिजत झिजत घराघराच्या दारावर राहिला. गादीचे शब्द आणि गावाचे शब्द यांचे आयुर्मान सारखे नसते, हे भाषेच्या इतिहासाने येथे स्वच्छ दाखवून दिले आहे.

हा भेद केवळ मध्ययुगापुरता आहे असेही नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन या परिसरातील जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या, तेव्हा वाद राज्य कोणाचे याचा नव्हता. जमिनीवरचा हक्क कोणत्या शब्दांत मोजावयाचा याचा होता. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या झगड्यातून पुढे आली. आपल्या पूर्वजांच्या आगमनाची कथा ज्यांच्या घरात आजही सांगितली जाते, त्यांच्या दृष्टीने बखरीतील कुळे व वृत्ती यांच्या याद्यांना पुराणवस्तूची किंमत नाही, तर पुराव्याची आहे. म्हणूनच त्या याद्यांची चिकित्सा अधिक काटेकोर व्हावयास हवी. प्राचीनता वाढवून दाखविण्याचा मोह पंधराव्या शतकातील वृत्तिवंतांना जसा झाला, तसाच तो प्रत्येक पिढीला होत असतो. पहिल्या बिंबाचे ११३८ हे वर्ष त्या मोहाचा परिणाम असण्याचा संभव वर दाखविला आहे. आणि तो मान्य केल्याने कोणत्याही कुळाचे कोकणातील मूळ उपटले जात नाही. एखादे घर ११३८ मध्ये आले की १२९४ मध्ये, याने त्याने कसलेल्या शेताची खोली कमी होत नाही.

या ग्रंथाच्या अभ्यासकांपुढील काम यावरून स्पष्ट होते. सहाही प्रकरणांची भाषा एकमेकींपासून अलग करून, विभक्तिप्रत्यय, क्रियारूपे आणि फारसी शब्दांचे प्रमाण यांच्या आधारे त्यांचे थर पुन्हा तपासले पाहिजेत. बखरीतील गावांची आणि पदांची नावे रानवड, चांजे, परळ येथील लेखांतील नावांशी ताडून पाहिली पाहिजेत. आणि खाडीच्या अलीकडच्या गावांतील आडनावे, शेतांची नावे व तोंडी वंशकथा यांचे पद्धतशीर संकलन झाले पाहिजे. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ग्रंथ आपल्या हाती दिला तो वाद मिटविण्यासाठी नव्हे. त्यांच्या सिद्धान्ताची दुरुस्ती त्यांनीच जतन केलेल्या पानांतून होऊ शकते, यात त्यांच्या संपादनाचा खरा गौरव आहे. अकरा वर्षे लढून प्रतापशहाने जे गमावले आणि नागरशहाने जे मिळविले, ते सतरा वर्षांत दोघांच्याही हातून गेले. मालाडच्या देसायाने जमविलेली यादी मात्र पावणेसहाशे वर्षांनंतरही वाचली जात आहे; आणि ती कोणी, कोणासाठी, कोणत्या शब्दांत केली, हे तपासणे हाच त्या युद्धाचा इतिहास समजून घेण्याचा अधिक खात्रीचा मार्ग आहे.